युसूफभाईंचे हात

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिच्याजवळ बसून सांगून टाकावं, असं एकदा वाटलं होतं — पण तिथंही मी दुसरंच काहीतरी बोललो. पंखा कमी करू का, असं काहीसं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी जमेल कदाचित.

मी मिस्त्री. जालना रोडला माझं ट्रकचं गॅरेज होतं. माझं जे काही नाव होतं, ते कानामुळं. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं काय दुखतंय, ते मी नुसतं ऐकून सांगायचो. पिशोरचे, बिडकीनचे ट्रकवाले एकमेकांना सांगायचे — त्याच्याकडं जा, तो इंजिन खोलायच्या आधी ऐकतो. इंजिनाचा व्हॉल्व्ह दाबून उघडतो तो टॅपेट; त्याची फट मोजायला बाकीचे मिस्त्री पातळ पत्ती घालून बघतात. मी पत्तीला हात लावत नव्हतो. चालू इंजिनावर, कानानं लावायचो. आणि त्याचा मला गर्व होता. लई गर्व होता.

मग तो कान जायला लागला. एकदम नाही. आधी बारीक आवाज गेले — बायकोच्या बांगड्या, कुकरची शिट्टी. ती दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा जवळ येऊन खांद्याला हात लावायची. “कान दाखवा हो कुणाला तरी,” म्हणायची. मी तिला बजावलं, की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. कानाच्या भरवशावर ज्याच्याकडं गिऱ्हाईक येतं, त्यानं ऐकू येत नाही असं कुणाला सांगायचं? सांगता आलं असतं का? — आलं असतं. आज वाटतं, सहज आलं असतं.

त्या वर्षी पाचोडच्या आप्पांचा ट्रक ट्यूनिंगला आला. आप्पा मोसंबीचे बागायतदार, आणि त्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते युसूफभाई. माझ्याहून थोडे मोठे. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा हे पोरसवदा क्लीनर होते, आणि तेव्हापासून रस्त्यावरच होते. गाडी माझ्याकडं असली की दिवसभर लिंबाखाली बसून राहायचे. आम्ही एका डब्यातलं खायचो. दोस्त म्हणावं असा एवढाच माणूस मला होता.

मी फिल्टर बदलले, डिझेल फवारणारे नोझल साफ केले, टॅपेट लावायला घेतले. टॅपेट सैल असला की टिकटिकतो. ऐकू लागलो — आणि काही कळेना. टिकटिक गेली, की मला ऐकू येत नाही? म्हणून भीतीपोटी प्रत्येक टॅपेट जरा जास्तच आवळला. गाडी दिली.

थोड्याच दिवसांत युसूफभाई परत आले. म्हणाले, रस्त्यावर पळताना ठीक आहे, पण उभी केली की इंजिन मिसिंग मारतं, स्टेअरिंग हातात थरथरतं, गिअरचा दांडा हलतो. मी बॉनेट उघडलं. अशा वेळी एकेक नोझलचा पाइप ढिला करून बघायचं असतं. चांगल्या सिलिंडरचा ढिला केला, तर इंजिनाचा आवाज पडतो. आधीच मेलेल्या सिलिंडरचा केला, तर काहीच फरक पडत नाही. सोपं काम. फक्त ऐकता यायला हवं. मी सगळे पाइप ढिले करून बघितले आणि सगळे मला सारखेच वाटले. उभ्या गाडीचं इंजिन किती वेगानं फिरेल ते ठरवणारा स्लोचा स्क्रू मी थोडा वाढवून दिला. वेग वाढला की थरथर झाकली जाते, हे मला माहीत होतं.

ते पुन्हा आले. आणि त्यानंतर एकदा आप्पांना घेऊनच आले. आप्पा चिडलेले होते. मोंढ्याच्या बाजारात उभी असताना गाडी बंद पडली होती, मागं रांग लागली होती.

मी इंजिनावर तळहात ठेवला. थरथर हाताला लागत होती — हे मी स्वच्छ सांगतो. मला समजत होतं, की युसूफभाई खरं बोलतायत. पण आप्पा वाट बघत होते, बाजूला दोन ड्रायव्हर उभे होते, आणि युसूफभाई माझ्या तोंडाकडं बघत होते. मी फडक्यानं हात पुसले आणि म्हणालो, “इंजिन बरोबर आहे, आप्पा. युसूफभाईंचे हात थरथरतात.”

का तेच वाक्य सुचलं? त्यांच्या हातात चहाचा कप बशीत वाजला होता का कधी? नाही. तसं काहीच नव्हतं. तोंडाला आलं ते मी बोललो.

युसूफभाईंनी भांडायला हवं होतं. ते भांडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, उलटे-सुलटे करून बघितले. मग हळूच म्हणाले, “हौ. उमर झाली, मिस्त्री.” तुमच्या लक्षात येतंय का? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातांपेक्षा जास्त.

आप्पा वाईट माणूस नव्हते. थोडे दिवस थांबले, मग त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. युसूफभाई एका लाकडाच्या वखारीवर वॉचमन झाले.

उन्हाळ्यात तोच ट्रक परत आला. नवा ड्रायव्हरही म्हणाला, उभी केली की थरथरते. आता मात्र मी पत्ती विकत आणली होती. इंजिन थंड होऊ दिलं आणि एकेक टॅपेट तपासला. एक इतका घट्ट, की पत्ती आतच जाईना. इंजिन तापलं की तो व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता. मधल्या काळात त्याची कडा जळून गेली होती. माझ्या हातचं काम. मी नवा व्हॉल्व्ह टाकला, आप्पांना म्हणालो, जुना झाला होता. आप्पा बरं म्हणाले. त्यांना मागचं काही आठवलं नाही.

मी वखारीवर गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. युसूफभाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, लहान मूल धरतं तसा, आणि सांभाळून तोंडाला लावला. म्हणाले, “तुम्ही वेळेवर सांगितलं, मिस्त्री. नाहीतर कुणाच्या तरी लेकरावर गाडी घातली असती मी.” मी चहा प्यालो. मोसंबीचा भाव, ऊन, असलं काहीतरी बोललो आणि सायकल काढून परत आलो.

त्यानंतर त्यांनी कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. जावयानं जीप घेतली, तेव्हा जरा चालवून दाखवा म्हणाला, तर नको म्हणाले.

युसूफभाई वारल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. बाहेर ओट्यावर माणसं बसली होती. त्यांची मुलगी नसरीन दारात आली. ती घरी कपडे शिवते. माझ्या कानात तोवर ऐकायचं मशीन बसलं होतं, त्यामुळं तिचं हळू बोलणंही मला नीट ऐकू आलं. ती म्हणाली, “चाचा, एक विचारायचं होतं. अब्बांचे हात खरंच थरथरायचे का? मला घरी कधी दिसलं नाही. माझ्या मशीनची सुई शेवटपर्यंत तेच ओवून द्यायचे.”

ती माझ्याकडं बघत होती. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा कधीच वारले होते, गॅरेज विकून झालं होतं. माझं बिघडण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, “व्हय पोरी. थरथरायचे.”