नारळभाऊ

आमच्या खासदारांनी आमच्या पुलासाठी जितके नारळ फोडले, तितके नदीत रचले असते तरी पूल झाला असता. माणूस मात्र लाखातला. गणेशपुरीच्या अलीकडे, नदीच्या ह्या अंगाला आमचं गाव. तिथं त्यांना खासदार कोणी म्हणत नसे, नारळभाऊ म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

दर निवडणुकीआधी भाऊ नदीकाठच्या त्याच काळ्या दगडावर नारळ फोडत आणि म्हणत, "आता पूल झालाच म्हणून समजा." आम्ही समजत असू. ओवाळायला मी. पहिल्या वेळी नवी नवरी, त्यात सातवी पास. भाऊ मला "शिकलेल्या वहिनी" म्हणत. त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षं मत दिलं. नदीवर नव्हतं तसंच माझ्या डोक्यातही काही बांधकाम झालेलं नव्हतं.

पण गावात मयत झाली की भाऊ हजर. दिल्लीला असले तर निदान दहाव्याला. माझ्या सासऱ्यांना त्यांनी भर पावसात, कमरेइतक्या पाण्यातून येऊन खांदा दिला. मी एकदा पुलाचं काढलं, तर सासूबाई फणकारल्या, "पूल काय खांदा द्यायला येतो गं? गप शिक्का मार."

मारला.

नदी भरली की शाळा पलीकडे राही. त्यापायी माझी कुंदा पाचवीतच घरी बसली. तरी माझं ओवाळणं चालूच. मग नातीवर तीच वेळ आली. पहिल्याच पुराला मनूचं दप्तर खुंटीला लागलं. म्हणाली, "आजी, मी पन आता कुंदाआत्यासारखी घरीच राहायची काय?"

त्या निवडणुकीला भाऊ आले. मी ओवाळलं, कुंकू लावलं आणि ते दगडाकडे वळायच्या आत त्यांच्या खांद्यावर शाल घालून हातात शेंडीचा नारळ दिला. बाया पदर तोंडाला लावून उभ्या.

भाऊंनी नारळ कानाशी नेऊन हलवला. "वहिनी, ह्यो फोडायचा का घरी न्यायचा हाय?"

"घरी न्यायचा, भाऊ."

त्यांनी नारळ काखेला मारला. मग हसले. "शिकलात, वहिनी."

एका गावानं खासदार पडत नाही. पण नदीकाठच्या सगळ्याच गावांत त्यांनी नारळ फोडले होते.

नव्या खासदारांनी पूल बांधला. त्यांचं तोंड आम्ही अजून पाहिलेलं नाही. मनू पुलावरून शाळेला गेली, आता भिवंडीला कॉलेजात जाते. भाऊ हरल्यावरही आमच्या मयतींना येत राहिले, तेही पुलावरून. कठड्यावर थाप मारून म्हणत, "बरा झालाय. माझ्या नारळांचा पाया भक्कम हाय."

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. नदी दुथडी भरून चाललेली. सगळं गाव पुलावरून चालत पलीकडे भाऊंच्या गावी गेलं आणि खांद्याला वेळेवर पोचलं. सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं, येतो हो, पूलही खांदा द्यायला येतो.