व्याह्यांच्या घरचं ताट

आमचे भाऊजी पुढाऱ्याच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. ताईचा नवरा म्हणून सांगत नाही, पण नागपुरातल्या एका दैनिकात त्यांची व्यंगचित्रं यायची, तेव्हा लोक आधी त्यांचा चौकोन बघत आणि मग मथळा. एवढा नावाजलेला माणूस, पण कुणाच्या बंगल्यावर गेला की समोर आलेली बशी हळूच परत सरकवणार. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सुमे, ज्याच्या घरी जेवलो त्याचं नाक मोठं काढता येत नाही. हातच चालत नाही."

हिवाळी अधिवेशन म्हणजे त्यांचा लग्नाचा मोसम. एरवी मुंबईचे मंत्री फोटोवरून काढावे लागत, डिसेंबरात ते जिवंत सापडत. बाकीचे वार्ताहर बंगल्यांवर सावजी मटणावर ताव मारत आणि हे कंपाउंडच्या भिंतीवर बसून ताईच्या डब्यातली पोळी-भाजी खात मंत्र्यांच्या हनुवट्या टिपत. एकदा एक मंत्री स्वतः चहाचा कप घेऊन बाहेर आले. भाऊजींनी उठून नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, चहा राहू द्या. तुमची हनुवटी अजून पुरी व्हायची आहे." ताई कपाळाला हात लावायची. "लोकायचे नवरे बंगल्यावर जेवून येतात, माहा नवरा डबा खाऊन येते अन् घरी पुन्हा जेवाले बसते!"

रविवारी मात्र ते रंगांची पेटी घेऊन अंबाझरीच्या काठावर जाऊन बसत. तळं, झाडं, आभाळ, सगळं असायचं. माणूस औषधालाही नाही. "एखादा तरी माणूस टाका नं भाऊजी," मी म्हणायची. "आठवडाभर माणसंच काढून राहिलो वं. एक दिवस त्याईलेही सुटी दे." त्यातली दोन चित्रं माझ्या घरात आहेत. भाऊजी नाहीत, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

त्यांच्या तावडीत सगळ्यात जास्त सापडले ते आप्पासाहेब. जिल्ह्यातले आमदार, भाषण दणदणीत, काम बेताचं. भाऊजी त्यांना कूलरच्या रूपात काढत: आवाज मोठा, गारवा नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि आमच्या छबूनं, भाऊजींच्या एकुलत्या एका लेकीनं, कॉलेजात मुलगा पसंत केला तो नेमका आप्पासाहेबांचा! मला वाटलं, आता घरात महाभारत. भाऊजी म्हणाले, "पोरगा चांगला आहे. बापाले तर मी पाहतोच आहे."

लग्नाचं जेवण आपल्याच खर्चाचं, तिथे ते पोटभर जेवले. पुढची सोय जुन्या रिवाजानं केली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खाऊ नये, असं आमच्याकडे म्हणत. या रिवाजाची भाऊजींनी जन्मभर टिंगल केलेली. आता म्हणाले, "रिवाज म्हणजे रिवाज!" छबूला भेटायला नंदनवन भागातल्या तिच्या सासरी जात, कोरड्या घशानं परत येत आणि कूलर काढत.

आप्पासाहेब चारचौघांत हसून दाखवत. घरात वेगळंच चाललं होतं. चित्र छापून आलं की सासूबाई तो पेपर छबूच्या ताटाशेजारी ठेवून जात. पोरीला घास उतरत नसे. हे छबूनं मला सांगितलं, मी ताईला आणि ताईनं भाऊजींना. मला भाऊजींचा राग आला होता, खरं सांगते. कारण त्या आठवड्यातही चित्र आलंच.

मग छबूला मुलगी झाली आणि रिवाज संपला. व्याह्यांकडून आम्हा सगळ्यांना जेवणाचं रीतसर बोलावणं आलं. नेमकी तेव्हाच बोंब उठली होती की तहानलेल्या गावांसाठीचे टँकर आप्पासाहेबांच्या संत्र्याच्या बागेत रिकामे होतात. संपादकांनी चित्रासाठी पहिल्या पानावर जागा राखून ठेवली होती.

पुरणपोळी, कढी, वडे, सगळं पानात वाढून झालं. भाऊजींचा हात मांडीवरच. "घ्या इवाईबुवा, आता काहून थांबले?" आप्पासाहेब म्हणाले. सासूबाई दारात उभ्या होत्या. छबू तुपाची वाटी घेऊन पुढे आली. "बाबा, जेवा नं," एवढंच म्हणाली. भाऊजींनी तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग जेवले. कढी दुसऱ्यांदा मागून घेतली. मला मेलीला वाटलं, सुटलं बाई एकदाचं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपादकांना सांगितलं की टँकरचं चित्र होणार नाही. संपादक म्हणाले, एवढ्या एकाला सोडा, बाकीच्यांना काढा. "एकाले सोडून बाकीच्याईले कसं काढू? ते काय सावत्र आहेत?" असं म्हणून भाऊजींनी तो चौकोनच बंद केला, कायमचा.

बर्डीच्या बाजारातल्या पानठेल्यांवर लोक बोलले, आमदाराचा व्याही झाला अन् विकला गेला. मी दोघा-तिघांशी कडाकडा भांडलेसुद्धा. छबूला कळलं तशी ती पोरीला कडेवर घेऊन धावत आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, मी तुम्हाले जेवा म्हटलं होतं. चित्र काढू नका, असं कधी म्हटलं?"

भाऊजींनी नातीला आपल्याकडे घेतलं.

"तसं म्हटलं असतं नं बाई," ते म्हणाले, "तर जेवलोच नसतो."