शेजाऱ्याच्या वडिलांचे बूट

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या घरात पायातलं काही दाराच्या आत येत नाही. प्लंबर आला तरी त्याला मी बूट काढायला लावते, आणि त्यात मला कधी संकोच वाटलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे इंग्रज आजोबा माझ्या मुलीला काहीतरी दाखवायला आले. ती शाळेच्या टीममध्ये सॉकर खेळते. दारातच त्यांनी पिशवीतून चामड्याच्या बुटांचा एक जुना, कडक झालेला जोड काढला, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "शूज बाहेरच ठेवा, प्लीज."

त्यांनी वाकून स्वतःचे बूट काढले आणि तो जोड त्यांच्या शेजारी ठेवला, आमच्या चिखलाने भरलेल्या स्नोबुटांच्या रांगेत.

मग चहा पिताना त्यांनी सांगितलं. ते बूट त्यांच्या वडिलांचे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वडील इंग्लंडमध्ये नऊ सीझन फुटबॉल खेळले, एकदा देशाकडूनही. मग गुडघा गेला आणि ते पुन्हा कोळशाच्या खाणीत कामाला लागले.

"मॉम, सिरियसली?" मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही, बिस्किटांची बशी पुढे केली. जाताना आजोबांनी ते बूट स्वतःच्या रुमालाने पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देव पुसायला घेतले. गुरूंच्या चांदीच्या पादुका रोज मी कपाळाला लावते. त्या दिवशी नुसत्याच हातात धरून बसले.