कुंदाबाईंच्या पोरांचं गाऱ्हाणं

दुसऱ्या शाळांत सकाळी पोरांचे हात तपासतात, स्वच्छ आहेत का म्हणून. आमच्या कुंदाबाई दुपारी घरी सोडताना तपासायच्या, मळलेत का म्हणून. एखादं पोर कोऱ्या हातांनी पुढं आलं की कपाळाला आठ्या. "शी! ह्ये काय हात? हापिसात गेल्लंस काय रे? उद्या येवन आधी मातयेत बस!"

देवळाशेजारच्या खोलीत त्यांची बालवाडी आणि समोर माझं दुकान, म्हणून हा तमाशा रोज फुकट बघायला मिळायचा. बाई अंगानं दणकट, आवाज देवळाच्या घंटेपेक्षा मोठा. बालवाडीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, पण वर्गात फळ्याला हात लावत नसत. पुळणीतली वाळू, शिंपले, करवंट्या, जुनी लुगडी, एवढंच सामान. मोठी करवंटी किती लहान करवंट्यांनी भरते यावर पोरं तासभर भांडायची आणि बाई पंचासारख्या कमरेवर हात ठेवून उभ्या.

"बाई, लिहायला कधी शिकवणार?" असं कुणा आईनं विचारलं की झालंच! "तिसऱ्या वर्साक पेन्सिल? बोटांका अजून भाताचो घास धड धरूक जमना नाय. शिरा पडो तुमच्या त्या एबीसीडीर! खेळतत ताच तेंचा शिकणा."

माझी नात चिमी मुंबईहून माझ्याकडे राहायला आली तेव्हा चार वर्षांची होती. ब्लॉकात दिवसभर मोबाइलसमोर बसवलेली. कुणाशी एक अक्षर बोलायची नाही, पाणीसुद्धा बोट दाखवून मागायची. बाईंनी तिला काही विचारलं नाही, की गाणं म्हण म्हणून छळलं नाही. नुसती वाळूत सोडली.

पोरांचा आवडता खेळ म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कुठलंही कार्य असो, देवापुढे नारळ ठेवून मानकरी एकेक मागणं मोठ्यानं मागतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. पोरं नारळाच्या जागी करवंटी पालथी घालायची. एका दुपारी मी दुकानातून ऐकतो तो काय, आमची मुकी पोरगी मानकरी झालेली! "बा देवा म्हाराजा, आमची चपला कोण चोरून व्हरता तेका बघून घी रे म्हाराजा!" आणि सगळी पोरं, "व्हय म्हाराजा!" माझ्या हातातलं वजन खाली पडलं. बाईंनी रस्त्यापलीकडून नुसतं माझ्याकडे बघितलं. "आबानू, रडतास कित्याक? गिऱ्हायक उभा आसा."

पण गावाला शहाणपणाची खाज सुटली. शहरातल्या कुणीतरी देवळाची ती खोली इंग्रजी शाळेसाठी मागितली. तिचं नाव काय, तर 'प्ले स्कूल'! आत बाकं, टाय, बूट आणि घरचा अभ्यास. खेळाचं नावच तेवढं पाटीवर. मला तर किळस आली. गावकऱ्यांची बैठक देवळात रविवारी सकाळी भरली. देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, "बाईंबद्दल आदर आहे, पण मुलं नुसती खेळतात. स्पर्धेचं युग आहे." ऑफिसातली मराठी बोलायला लागले की आमचे लोक हमखास खोटं बोलतात.

बाई खांबाला टेकून उभ्या होत्या. बाहेर अंगणात आईबापांबरोबर आलेल्या पोरांनी करवंटी मांडलेली. तेवढ्यात चिमीचा आवाज आला. "बा देवा म्हाराजा, आमच्या बाईक हयच ठेव रे म्हाराजा!"

आणि देवळातली सगळी माणसं, अध्यक्षासकट, एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

सवयच ती. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमची तोंडं आपोआप उघडतात. मला वाटलं, जिंकलो. मग अध्यक्ष फिस्सकन हसले, मागोमाग सगळे हसले, आणि त्याच तोंडांनी खोली दुसऱ्याला देऊन मोकळे झाले. मी एकटाच ओरडत राहिलो. बाई म्हणाल्या, "देवळात बसून देवाक व्हय म्हटलास आणि हसलास. पोरांचो खेळ खरो, तुमचा सगळा खोटा." आणि चपला घालून निघून गेल्या. थू असल्या मोठेपणावर!

माझ्या मुलानं मुंबईहून फोन करून चिमीचं नाव नव्या शाळेत घालायला लावलं. बाप तो, माझं काय चालणार? मी चार शिव्या घातल्या आणि फी भरून आलो.

दोन महिन्यांनी बाई कायमच्या तळेऱ्याला भावाकडे निघाल्या. पिशवी घेऊन एसटीची वाट बघत दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. एवढ्यात चिमी शाळेतून आली. गळ्यात टाय, पायांत बूट, केस चापून बसवलेले. बाईंचा चेहरा फुलला.

"इलंस गो बाये! सांग बघूया, नव्या शाळेत काय शिकलंस?"

चिमी दोन्ही पाय जुळवून ताठ उभी राहिली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आणि?" बाईंनी विचारलं.

पोरीचे डोळे तेवढे हलले. बाईंनी तिचं बोट धरून हळूच ओठांवरून खाली घेतलं.

तिनं ते परत वर नेलं.