सुपाएवढं तोंड

पेव म्हणजे जवारी ठेवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंड बारीक, पोट मोठं. माहेरी, पेडगावला, माझा थोरला भाऊ असल्याच पेवात गेला. आत वाफ कोंडते, उघडल्यावर दिवसभर वारं खेळू द्यावं लागतं. तो थांबला न्हाई. अन् तोंड इतकं बारीक, की त्याला धरून कुणाला वर येता येईना. मी काठावर उभी होते. 

लग्न होऊन पूर्णेकडं आले, तर मामंजींनी अंगणात नवं पेव खणायला घेतलं. तोंडाचं माप सुपाचं; सुपानं झाकलं की झालं. भावाच्या पेवाचं तोंडही एवढंच होतं. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं न्हाई, सांगायचं ते आत्याबाईंच्या, म्हंजी सासूबाईंच्या तोंडून. पण त्या गेल्या होत्या शेतात, अन् इकडं कुदळ चालायलीय. मी दाराआडून बोलून बसले, "मामंजी, दोन माणसं एका बारीनं निघतील एवढं तोंड ठेवा."

अगं बाई, कुदळच थांबली!

"पेव जवारीसाठी हाय का माणसांसाठी?" मामंजी गरजले.

"जवारी काढायला माणूसच उतरतो की."

त्यांनी सूप भिरकावलं, पण तोंडासाठी आखलेली रेघ वाढवली. त्या मोठ्या तोंडातून ओल शिरली अन् वरची जवारी काळी पडली. मग दरसाली तेच. भाकर कडू लागली की आत्याबाई म्हणायच्या, "खा, सुनेच्या भेवाची भाकर!" मी मान खाली घालून खायची. लय रडू यायचं.

पुढं लेव्हीचे दिवस आले. सरकारी माणसं धान्य उचलायला गावात आली म्हणून कळलं, तसं मामंजींनी पेव उघडलं. आत कंदील सोडून तो विझतो का ते बघायलाही थांबले न्हाईत. "चार पाट्या काढून लपवतो," म्हणत स्वतःच उतरले.

मी हाक मारली. जबाब न्हाई. परत मारली. न्हाई.

देवा महादेवा, मला भाऊच दिसायला लागला. मालकांनी, माझ्या नवऱ्यानं, कमरेला दोर बांधला अन् श्वास कोंडून उडी घेतली. आता दोघंही जात्यात, एवढंच डोक्यात. शेजारचे गडी धावले, त्यांच्यासंगं मी दात आवळून दोर ओढला. मालकांचं डोकं वर आलं. त्यांच्या मिठीत मामंजी, निळे पडलेले. दोघं एका बारीनं बाहेर आले.

मामंजी वाचले. दोन सालांनी भावकीत पेव खणायला घेतलं, तर त्यांनी मला चारचौघांत बोलावलं. "सूनबाई, माप सांग."

वाटलं होतं, आता धीर येईल. कशाचा धीर! खड्ड्यात डोकावले अन् दोन पावलं मागं सरले. आमच्या मागंही हे पेव राहणार. कोण कोण उतरणार हितं? माझी लेक खेळत खेळत काठापाशी आली होती.

"अजून रुंद करा," मी म्हणले.

"ओल शिरल, पोरी."

"शिरू द्या, मामंजी. काळी भाकर मी खाईन."