बाबांचा भुरका आणि गार सोबा

बाबा पुण्याहून परदेशात आमच्याकडे फ्लॅट बुशला राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना लेकीच्या मैत्रिणींसमोर बोलले. ते आमटीचे भुरके मारत होते, मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या, आणि मी फटकन म्हणाले, "बाबा, आवाज न करता जेवा ना." त्यांनी उरलेली आमटी भातावर ओतली.

आमची जेवणं साडेसातला. दुसऱ्या दिवसापासून बाबा साडेपाचलाच ताट घेऊन आपल्या खोलीत जायला लागले. "मला लवकर जेवायची सवय आहे," म्हणाले. ही सवय मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांना परत जायला तीन आठवडे उरले होते आणि मला सॉरी म्हणायला जमत नव्हतं. आमच्या घरात बापाला सॉरी म्हणायची पद्धत नाही, आणि माझा हेका तर तुम्हाला माहीत नाही.

त्याच सुमारास कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला गेले होते, तिथे एका जपानी खानावळीत शिरले. शेजारच्या टेबलावर एक टापटीप आजोबा गार शेवया सॉसमध्ये बुडवून सुर्र सुर्र ओढत होते. कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "हा सोबा. हा असाच खातात. गप्प बसून खाल्ला तर आम्हाला वाटतं, आवडला नाही."

माझं तिथेच ठरलं.

सोबा म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाच्या शेवया. आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सपलीकडे काही नाही. म्हणून शनिवारी पुन्हा मोटरवेने अल्बनी गाठलं. तिथल्या जपानी दुकानात पाकिटं मिळाली, पण सॉसच्या प्रत्येक बाटलीत मासा. बाबा पक्के शाकाहारी. दुकानदार बाईंनी वाळलेल्या अळंब्यांची पुडी हातात दिली. "भिजवा, त्या पाण्यात सोया सॉस आणि साखर घालून उकळा, मग गार करा."

पहिल्या खेपेला मी शेवया उकडल्या, सवयीने वर चमचाभर तूप सोडलं आणि गार होऊ नयेत म्हणून झाकण ठेवलं. दहा मिनिटांत त्यांचा गोळा झाला. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आले. पातेल्यात डोकावून म्हणाले, "कागद चिकटवायला खळ चांगली होईल."

दुसरं पाकीट मात्र उकडल्याबरोबर नळाखाली चोळून धुतलं आणि बर्फाच्या पाण्यात टाकलं.

"गार वाढणार?" बाबांनी विचारलं. गार म्हणजे शिळं, असा त्यांचा हिशेब.

"गारच खातात."

त्या दिवशी मी सगळ्यांनाच साडेपाचला जेवायला बसवलं, म्हणजे त्यांना खोलीत जायला निमित्त उरलं नाही. ते बसले, पण काट्याला शेवया नीट गुंडाळून, तोंड मिटून, अगदी परक्यासारखे खाऊ लागले. मला ते बघवेना. खानावळीतल्या बाईंचं म्हणणं सांगायचं मी घोकून ठेवलं होतं, ते सांगितलंच नाही.

मग मी चॉपस्टिक्सनी मोठा घास उचलला, सॉसमध्ये बुडवला आणि सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असा ओढला. थोडा सॉस हनुवटीवर आला.

"मम, सीरियसली?" लेक म्हणाली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलंय हे मलाही कळलं.

"आवाज येतोय तुझा," ते म्हणाले.

"येऊ दे. बाबा, त्या दिवशी मी चुकले."

त्यांनी काटा खाली ठेवला, सॉसची वाटी तोंडाजवळ नेली, बोटांनी शेवया आत ढकलल्या आणि असा भुरका मारला की लेकीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग तिनेही मारला, आजोबांपेक्षा मोठा.

वाटी रिकामी करून बाबांनी मिशी पुसली.

"हे ठीक आहे," म्हणाले. "पण उद्या आमटी कर. साडेसातला."