हळदीच्या दिवशीची झोप

लग्नसराईत आमच्या घरी कुणाला झोप नसे. अमरावतीजवळ सासरचा फुलमळा होता. उजाडायच्या आत मोगरा तोडायचा, दुपारभर हार गुंफायचे, ऊन उतरलं की वाफ्यांना पाणी द्यायचं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धाकट्या भावाच्या लग्नासाठी अकोल्याला निघाले, तेव्हा पुरती झोप मिळून पंधरा दिवस झाले असतील.

सोबत सासरे होते. बडनेऱ्याला गाडी बदलली. भर दुपार, खिडकीतून नुसत्या झळा. सासऱ्यांसमोर डुलक्या काय घ्यायच्या, म्हणून डोक्यावरचा पदर धरून ताठ बसून राहिले. पण डोळे मिटत, दचकून उघडत, पुन्हा मिटत. एकदा कपाळ खिडकीच्या गजावर आदळलं.

"नीज ना बाई. काहून तरास देऊन राहिली जिवाले?" सासरे म्हणाले.

"झोप नाही येत, मामाजी."

"मले दिसते ना. अकोला आलं की उठवतो तुले."

एवढं बोलून ते माझ्याकडे पाठ करून बसले. मग मी गाठोड्यावर डोकं टेकलं.

जाग आली ती त्यांच्या हाकेनं. त्यांचे डोळे लाल झाले होते. माझ्यासारखेच तेही पहाटेपासून मळ्यात होते, पण मला उठवायचं म्हणून त्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

माहेरी मांडव पडला होता. आईनं पाणी दिलं आणि लगेच म्हणाली, "चाल, हळद दळाची राह्यली."

सासरे मांडवातूनच बोलले, "विहीणबाई, पोरगी लय थकली. आंधी निजू द्या तिले."

आईचा चेहरा उतरला, पण व्याह्यांचा शब्द तिनं मोडला नाही. ज्वारीच्या पोत्यांमागे सारवलेल्या गार जमिनीवर तिनं गोधडी टाकून दिली. सासरे मांडवातच तोंडावर फेटा ओढून आडवे झाले.

उठले तेव्हा उन्हं कलली होती. भावाला हळद लागून गेली होती; त्याच्या हातांवर ती वाळून तडकलीसुद्धा होती. करवली मी, आणि हळद लावली चुलतबहिणीनं.

"मले काहून नाही उठवलं?" मी रडवेली झाले.

"तुह्या सासऱ्यानंच सांगतलं ना," आई म्हणाली.

पुढे कितीतरी वर्षं ती हे बोलून दाखवी. हळद हुकल्याचं वाईट मलाही वाटे; पण त्या दुपारी मला कुणी उठवलं असतं, तरी मी उभी राहू शकले असते असं वाटत नाही.